तडा जायची वाट पाहू नका

ज्या घरात काचेच्या माथ्याची गॅसची शेगडी आहे, त्या प्रत्येक घराला एक विनंती आहे. येत्या रविवारी दुपारचा स्वयंपाक आटोपला की शेगडी पूर्ण थंड होऊ द्या, रेग्युलेटर बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च लावून त्या काचेच्या चारही कडा जवळून पाहा. फार तर पंधरा मिनिटांचं काम आहे. ते कसं करायचं, काय दिसलं तर काय करायचं आणि काहीच दिसलं नाही तरी कुठल्या सवयी सोडायच्या, ते पुढे सांगतो.

विनंती करायचं कारण असं. काचेच्या वस्तूबद्दल आपला एक ठरलेला हिशेब असतो. खिडकीचं तावदान असो, आरसा असो, आधी त्याला तडा जातो, मग आपण म्हणतो 'बदलायला हवं', आणि बदलेपर्यंत चिकटपट्टी लावून ते चार-सहा महिने तग धरतं. शेगडीच्या काचेला हा हिशेब लागू पडत नाही. ती टफन्ड काच असते. टफन्ड काच एकतर अख्खी असते नाहीतर तिचा चुरा झालेला असतो. तडा गेलेल्या अवस्थेत ती राहतच नाही. त्यामुळे 'तडा दिसला की बघू' म्हणणाऱ्या माणसाला तडा कधीच दिसत नाही. त्याला एकदम दिसतो तो ओटाभर आणि फरशीभर पसरलेला काचेचा खच, आणि बऱ्याचदा त्या खचात पेटलेला बर्नर.

म्हणजे सूचना मिळत नाही असं नाही. ती मिळते, फक्त तड्याच्या रूपात मिळत नाही. कडेला निघालेला मोहरीएवढा टवका, नखाला लागणारा ओरखडा, खालून करपलेला रंग, डुगडुगणारा कोपरा, या सूचना आहेत. त्या ओळखायला शिकलं पाहिजे.

ही काच अशी का वागते

शेगडीची काच आधी मापात कापतात, बर्नरसाठी भोकं पाडतात, कडा घासतात. मग ती भट्टीत सुमारे 620 ते 650 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि बाहेर काढल्याबरोबर दोन्ही अंगांनी हवेचे जोरदार झोत सोडून गार करतात. पृष्ठभाग लगेच घट्ट होतो, पोट मात्र अजून गरम असतं. ते मागाहून निवतं, आकसतं आणि आकसताना आधीच घट्ट झालेल्या पृष्ठभागाला आत ओढून धरतं. असं केल्यामुळे काचेचा पृष्ठभाग कायम दाबाखाली राहतो आणि पोट कायम ताणाखाली.

काच फुटते ती पृष्ठभागावरची एखादी बारीक चीर उघडत गेल्यामुळे. पृष्ठभागच दाबून धरलेला असला की चिरेला उघडायला वाव मिळत नाही. म्हणून टफन्ड काच तेवढ्याच जाडीच्या साध्या काचेपेक्षा चार-पाच पट ताकदीची ठरते. उष्णतेचंही तसंच. साध्या काचेचा एक भाग दुसऱ्यापेक्षा चाळीस-पन्नास अंशांनी जास्त तापला तरी ती तडकू शकते. टफन्ड काच 200 अंशांच्या आसपासचा फरक सोसते.

पण हा दाबलेला थर जाड नसतो. प्रत्येक बाजूला काचेच्या जाडीच्या साधारण एक पंचमांश, म्हणजे 8 मिलिमीटरच्या काचेत जेमतेम दीड मिलिमीटर. एखादा टवका किंवा खोल चरा तेवढा थर ओलांडून आतल्या ताणापर्यंत पोचला की काम संपलं. तिथून निघालेली भेग सेकंदाला दीड किलोमीटरच्या आसपास वेगाने धावते आणि धावता धावता फांद्या फुटत जातात. दोन फुटांची काच या टोकापासून त्या टोकापर्यंत फुटायला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. हात मागे घ्यायला माणसाला तेवढा वेळ कुठून मिळणार?

हे गुपित टफन्ड काचेच्या कारखान्यांपेक्षा कितीतरी जुनं आहे. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात टाकला की लांब शेपटीचा एक मणी तयार होतो. 1660 च्या सुमारास राजपुत्र रूपर्ट याने असे मणी इंग्लंडात आणले आणि पुढल्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीत त्यांच्यावर प्रयोग झाले. मण्याच्या डोक्यावर हातोडी मारली तरी तो टिकतो, पण शेपटीचं टोक चिमटीत मोडलं तर अख्ख्या मण्याची भुकटी होते. काच मुद्दाम अशी कणखर करण्याच्या कृतीचं पेटंट द ला बास्ती या फ्रेंच माणसाने घेतलं ते 1874 साली, म्हणजे दोनशे वर्षांनी.

तुमच्या शेगडीची शेपटी म्हणजे तिची कड. बाहेरच्या चार कडा आणि बर्नरच्या भोकांच्या गोल कडा. काचेच्या मध्यावर चुकून पळी पडली तर बहुतेक वेळा काही होत नाही. तीच पळी कडेवर पडली तर प्रकरण वेगळं.

टॉर्च घेऊन काय पाहायचं

पाइपचा गॅस असेल तर भिंतीवरचा व्हॉल्व्ह बंद करा, सिलिंडर असेल तर रेग्युलेटर. जाळ्या, बर्नर, खालच्या ताटल्या काढून बाजूला ठेवा. काच साबणाच्या पाण्यात पिळलेल्या मऊ फडक्याने पुसा आणि कोरडी करा. फोडणीच्या तेलाचा थर काचेवर असेल तर ओरखडे झाकले जातात, म्हणून हे आधी.

आता घरातला दिवा बंद करा आणि टॉर्च काचेला जवळजवळ टेकवून तिरपा धरा. वरून सरळ प्रकाश टाकला तर काच फक्त चमकते, काही कळत नाही. प्रकाश आडवा पडला की प्रत्येक चरा पांढरा उजळून दिसतो.

पहिल्यांदा कडा. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून चारही बाजू फिरून परत तिथेच या. टवका निघालेला असेल तर त्या जागी कडेची सरळ रेष तुटते आणि प्रकाशात एक बारीक खळगा लुकलुकतो. बोटाने चाचपू नका, बोट कापेल. कडेवरून सुती फडकं हळूच फिरवा, ते जिथे अडकेल तिथे नीट पाहा. कोपरे आणि ओट्याच्या बाहेरच्या अंगाची कड जास्त वेळ पाहा, कारण कुकर, परात, डबे येता-जाता तिथेच आपटतात. मग बर्नरची भोकं आणि बटणांच्या भोवतीची जागा. काही शेगड्यांत भोकाची कड धातूच्या कड्याखाली झाकलेली असते. ते कडं ओढून काढू नका, पण ते वाकलंय का, एका बाजूला सरकलंय का, ते बघा.

मग वरचा भाग. ओरखडा दिसला की त्यावरून नख आडवं फिरवा. नख सहज घसरलं तर तो वरवरचा. त्याचा फोटो काढून ठेवा, म्हणजे दोन महिन्यांनी तो वाढलाय का, नवे पडलेत का, हे कळेल. नख अडकलं तर ओरखडा खोल आहे, ती काच बदलण्याच्या यादीत.

त्यानंतर बैठक. शेगडीचे चारही रबरी पाय जागेवर आहेत का? बऱ्याच घरांत एक पाय केव्हाच निसटलेला असतो आणि त्या जागी पुठ्ठ्याची घडी घातलेली असते. चारपैकी एका पायाला आधार नसला की जड कुकर चढवला-उतरवला की प्रत्येक वेळी काचेला पीळ बसतो. नवे पाय भांड्यांच्या किंवा गॅस दुरुस्तीच्या दुकानात मिळतात. ओट्यात खाचा करून बसवलेला हॉब असेल तर ग्रॅनाइटची कड सगळीकडे सपाट आहे का आणि खालच्या कप्प्यात हवा खेळायला जागा आहे का, तेही बघा.

शेवटी खालचा भाग. शेगडी उलटी करायची गरज नाही. मोबाइलचा फ्लॅश चालू करून तो शेगडीखाली सरकवा आणि फोटो काढा. बर्नरभोवती तपकिरी डाग, फुगलेला किंवा पोपडे आलेला रंग, काजळी, सुटलेला चिकट लेप, सैल पट्ट्या, यांपैकी काही दिसलं तर उष्णता किंवा ज्योत काचेखाली जाते आहे असं समजा. हे सगळ्यांत दुर्लक्षित आणि सगळ्यांत धोक्याचं लक्षण.

आता सगळं जागेवर लावा आणि एकेक बर्नर पेटवून ज्योत पाहा. ती निळी, सारखी आणि बर्नरवरच हवी. ज्योत पिवळी असेल, फटफट असा आवाज येत असेल किंवा काचेखालून घरघर ऐकू येत असेल तर लगेच बंद करा. छिद्रं तुंबलेला किंवा नीट न बसलेला बर्नर गॅसला खालच्या नळीतच जाळतो आणि काच खालून तापत राहते.

काचेत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब थोडं नागमोडी दिसलं तर घाबरू नका. भट्टीतल्या रुळांवरून जाताना काच किंचित लहरते. तो दोष नव्हे.

टवका, खोल चरा किंवा खालून करपल्याची खूण सापडली तर ती शेगडी वापरणं थांबवा आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला काच बदलायला सांगा. इथे एक संवाद ठरलेला असतो. दुरुस्तीला आलेला माणूस म्हणतो, "काकू, एवढ्याशा टवक्याने काय होतंय, अजून दोन वर्षं आरामात चालेल." काकूंनी त्याला एवढंच म्हणावं, "चालेल की नाही ते तुला कसं कळणार दादा? तू काच बदल." टफन केलेली काच नंतर कापता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही आणि टवका घासून बुजवताही येत नाही. म्हणून कोपऱ्यावरच्या काचवाल्याकडून साधी काच कापून आणून बसवण्याचा स्वस्त उपायही करू नका. साधी काच फुटली तर चुरा होत नाही, सुरीसारखे लांब तुकडे होतात.

डोळ्यांना न दिसणारा दोष

एवढं करूनही खात्री मिळत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. काच बनताना क्वचित तिच्यात निकेल सल्फाइडचा एखादा कण अडकतो. तो मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा असतो, टॉर्चने दिसत नाही. हा पदार्थ 379 अंशांच्या वर एका रूपात असतो आणि खाली दुसऱ्या रूपात. काच झटपट गार केल्यामुळे तो कण गरम रूपातच अडकून राहतो आणि पुढे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं, हळूहळू थंड रूपात बदलत जातो. बदलताना दोन ते चार टक्के फुगतो. तो काचेच्या ताणलेल्या पोटात असेल तर एक दिवस काच आपोआप फुटते. गॅस बंद असताना, रात्री दोन वाजता, कुणी हातही लावलेला नसताना काच फुटल्याच्या ज्या गोष्टी आपण ऐकतो, त्यांतल्या काहींमागे हा कण असू शकतो. इतर बऱ्याच वेळा कारण असतं ते काही महिन्यांपूर्वी बसलेला आणि आपण विसरून गेलेला टवका. आज लागलेला घाव आजच फळतो असं नाही.

इमारतींच्या मोठ्या काचांसाठी यावर एक उपाय आहे: टफन केलेल्या काचा कारखान्यातच 250 ते 300 अंशांच्या दरम्यान काही तास तापवून ठेवतात. ज्यांच्यात असा कण आहे, त्यांतल्या बहुतेक तिथेच फुटून जातात. शेगडी घेताना 'ही चाचणी झाली आहे का' असं विचारायला काहीच हरकत नाही. उत्तर मिळेल न मिळेल, पण विचारणारे वाढले की उत्तरं द्यावी लागतात.

कुठल्या सवयी सोडायच्या

दिवाळीच्या आधीची दुपार डोळ्यांसमोर आणा. मोठ्या बर्नरवर चकल्यांची पसरट कढई आहे. तिचा घेर इतका मोठा की जाळी दिसत नाही आणि कढईची बाजू काचेवर पार बटणांपर्यंत आली आहे. शेजारच्या बर्नरवर पाकाचं पातेलं. तीन तास दोन्ही चालू. ज्योत मोठी ठेवलेली, त्यामुळे ती कढईच्या बुडाला आपटून बाजूंनी खाली वळते. एलपीजीच्या ज्योतीचं तापमान दीड हजार अंशांहून जास्त असतं आणि कढईच्या छपराखाली ती उष्णता कोंडून काचेवरच उतरते. टफन्ड काच सुमारे 250 अंशांच्या वर पुन्हा पुन्हा तापत राहिली की तिला दिलेला दाब हळूहळू सैल पडू लागतो. म्हणजे ती थोडी थोडी साधी काच होत जाते. आणि मग घाणा संपतो, गॅस बंद होतो आणि 'आत्ताच पुसून घेते, नाहीतर तेल चिकटेल' म्हणून कुणीतरी गार पाण्याचं फडकं त्या काचेवर फिरवतं.

या एका दुपारीत चार चुका आहेत आणि चारही टाळता येतात.

भांड्याचा घेर शेगडीच्या माहितीपत्रकात दिलेल्या मापाहून मोठा नको. माहितीपत्रक हरवलं असेल तर साधा नियम ठेवा: भांडं बटणांवर किंवा दुसऱ्या बर्नरवर येऊ नये. दोन बर्नरवर मिळून एक लांब तवा किंवा ग्रिल ठेवणं तर अजिबात नको. ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर येऊ देऊ नका. बाहेर आलेल्या ज्योतीने स्वयंपाक लवकर होत नाही, गॅस मात्र जातो. मोठा घाणा असेल तर लोखंडी शेगडी किंवा साधी स्टीलची शेगडी वापरा. लग्नघरात आचारी काचेची शेगडी घेऊन येत नाहीत, त्याला कारण आहे. आणि काच पुसायची ती हात टेकवता येईल इतकी निवल्यावर. दूध उतू गेलं तर गॅस बंद करा आणि थांबा. चिकटलेली साय नंतर भिजवून निघते.

आणखी काही. शेगडीवर खलबत्ता ठेवून वेलदोडे कुटू नका. नारळ फोडायची जागा तिथे नाही. तापलेला तवा किंवा कुकर जाळीवरून उतरवून थेट काचेवर ठेवू नका. जड भांडं सरकवत नेऊ नका, उचलून ठेवा. तारेची घासणी, चाकू, ब्लेड काचेला लावू नका. करपलेल्या डागावर ओल्या फडक्याची घडी अर्धा तास ठेवली की तो सुटतो. जाळीच्या पायांखाली मीठ, रवा, वाळूचे कण अडकतात आणि जाळी हलली की तेच ओरखडे काढतात, म्हणून आठवड्यातून एकदा जाळ्या उचलून खालून पुसा. वांगं भाजताना फुटून त्याचा रस काचेवर पडतो. खाली बर्नरची ताटली असेल तरच भाजा. शेगडी उघड्या खिडकीसमोर असेल तर वाऱ्याने ज्योत काचेकडे वळते, तेवढा वेळ खिडकी लोटून घ्या.

आणि मुलांना शेगडीच्या पातळीवर चेहरा आणून ज्योत बघू देऊ नका. ओट्यावर बसवून गोष्टी सांगत भरवायचं असेल तर दुसऱ्या कोपऱ्यात बसवा.

नवी घेताना

आयएसआय चिन्ह आणि त्यासोबत आयएस 4246 हा आकडा पाहा. घरगुती एलपीजी शेगडीचं भारतीय मानक तेच आहे. चिन्हाखालचा परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' या सरकारी ॲपवर टाकला की तो खरा आहे का, हे दुकानात उभ्या उभ्या कळतं. काचेच्या कोपऱ्यात टफन्ड असल्याची खूण छापलेली असते, ती शोधा. काचेची कड उघडी आहे की धातूच्या चौकटीत बसवलेली, ते पाहा. चौकट असेल तर कड वाचते. काही कंपन्या काचेखाली पातळ फिल्म लावतात, म्हणजे फुटली तरी तुकडे उडत नाहीत. दोन बर्नरमधलं अंतर तुमच्या घरातलं सगळ्यांत मोठं रोजचं पातेलं नेऊन मोजा, लाजू नका. वॉरंटीत काच धरली आहे का आणि कोणत्या अटींवर, ते बिल करण्याआधी वाचा.

आणि एक साधी गोष्ट. स्टीलची शेगडी जुनाट नाही. ज्या घरात रोज दहा-बारा माणसांचा स्वयंपाक आहे, मोठी भांडी आहेत, तिथे तीच योग्य आहे. ओट्याची शोभा म्हणून काच घ्यायची सक्ती कुणी केलेली नाही.

ओव्हन, इंडक्शन आणि लाकडाचा स्टोव्ह

ओव्हनच्या दाराची काचही टफन्डच असते, त्यामुळे नियम तेच: कड, टवका, नख. दार आपटू नका, उघड्या दारावर गरम ट्रे टेकवू नका, जाळी आत सरकवताना काचेला घासू देऊ नका. दाराची बिजागरी सैल झाली तर दार तिरकं बसतं आणि एकाच कोपऱ्यावर भार येतो. एक गंमतही करून पाहता येईल. पोलराइज्ड गॉगल घालून, उघड्या आकाशाच्या उजेडात अशी काच तिरप्या नजरेने पाहिली तर बऱ्याचदा तिच्यात काळसर ठिपक्यांची रांगोळी दिसते. हवेचे झोत जिथे जिथे लागले होते, त्या त्या जागांची ती खूण असते.

इंडक्शनच्या माथ्याची गोष्ट वेगळी. ती काच-सिरॅमिक असते. 1953 साली अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत डोनाल्ड स्टूकी यांच्या प्रयोगाची भट्टी 600 ऐवजी 900 अंशांवर गेली आणि आतली काच वितळण्याऐवजी दुधाळ, घट्ट झाली. बाहेर काढताना हातून निसटून पडली तरी फुटली नाही. हा पदार्थ तापल्यावर जवळजवळ पसरतच नाही, म्हणून गरम-गार सहज सोसतो. पण त्याला तडा जातो आणि तो तडा घेऊन राहतो. तडा दिसला तर प्लग काढा आणि वापरणं बंद करा. उतू गेलेलं पाणी तड्यातून विजेपर्यंत पोचतं.

युरोप-अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्यापैकी काहींच्या घरी लाकूड जाळायचे बंद स्टोव्ह असतात. त्यांच्या दाराची काच हीच. ती सुमारे 700 अंशांपर्यंतची धग सोसते, टफन्ड काच तिथे टिकत नाही. म्हणून बदलायची वेळ आली तर जाडी जुळली एवढ्यावर भागवू नका, काच-सिरॅमिकच मागा. स्क्रू फार आवळू नका, काचेभोवतीची दोरी झिजली असेल तर बदला आणि लांब ओंडका दाराने आत ढकलू नका.

फुटलीच तर

आधी स्वतःला आणि मुलांना दोन पावलं मागे घ्या. गॅस पेटलेला असेल आणि हात सुरक्षितपणे पोचत असेल तर बटण बंद करा. नाहीतर थेट रेग्युलेटर किंवा व्हॉल्व्ह. तुकडे गरम असतात आणि काही काळ तडतडत राहतात, हात लावू नका. पायात चप्पल घाला. उघड्यावर असलेलं सगळं अन्न, पीठ, कापलेली भाजी फेकून द्या. आमटी गाळून घ्यायचा मोह नको. मोठे तुकडे सुपलीत भरा, बारीक कण ओल्या कागदाने टिपा. भाजलं असेल तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, तूप नको. डोळ्यात कण गेला असेल तर चोळू नका, डॉक्टरांकडे जा.

गॅसचा वास येत असेल तर विजेचं कुठलंही बटण चालू-बंद करू नका, खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि 1906 या एलपीजी आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. पाइपचा गॅस असेल तर बिलावर छापलेल्या आपत्कालीन क्रमांकावर करा. काच नसलेली शेगडी 'तात्पुरती' म्हणून पेटवू नका.

मात्र तुकडे भरण्याआधी फोटो काढा, काही तुकडे पिशवीत ठेवा, बिल आणि वॉरंटी कार्ड शोधा. कंपनीला लेखी कळवा. 'तुमच्या वापराचाच दोष' असं उत्तर आलं तर त्याचं कारणही लेखी मागा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेची जबाबदारी उत्पादकावर टाकता येते. तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे करायची असते आणि वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. आपल्याकडे शेगडी फुटली की लोक 'वाचलो' म्हणतात, नवी आणतात आणि गप्प बसतात. तक्रारी झाल्या तरच कुठली काच कशी बनते, याकडे कुणाचं तरी लक्ष जाईल.

शेवटी एक. हा लेख वाचणाऱ्या माणसाचाच हात रोज त्या काचेवर फिरत असेल असं नाही. अनेक घरांत पोळ्या करायला एक मावशी येतात आणि ओटा आवरायला दुसऱ्या. त्यांना पुढच्या घरी जायची घाई असते, म्हणून शेवटची पोळी उतरल्याबरोबर गार फडकं काचेवर फिरतं. त्यांना बोलावून सांगा, "मावशी, गॅस गरम असताना पुसू नका, तसाच राहू द्या, मी नंतर पुसेन." आणि मग खरंच तुम्ही पुसा. कड कशी बघायची तेही त्यांना दाखवून ठेवा. काच फुटली तर समोर बहुधा त्याच उभ्या असतील.